कामठी रोडवरचे आचके

डॉक्टर चारुशीलाबाईंची अँबेसडर महिन्याभरात चौथ्यांदा गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा देवराव एका ट्रकखाली पाठीवर पडला होता. नुसत्या चाकांवरून त्याने गाडी ओळखली आणि तो बाहेर आला नाही.

"देवराव, पुन्हा तेच," वरून बाईंचा आवाज आला.

हातातला नट कधीचाच आवळून झाला होता. तरी त्याने त्याला आणखी दोनदा पाना लावला आणि मग सरपटत बाहेर आला. बाई गाडीजवळ उभ्या होत्या. अठ्ठावन्न वर्षांच्या, सडपातळ, अंगावर फिकट सुती पातळ, हातात डॉक्टरी बॅग. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर देवरावला जरा बरं वाटलं असतं.

"कुठं झालं?" त्याने विचारलं.

"तिथेच. पिली नदीचा पूल ओलांडला की सुरू होतं. तोवर वीस-पंचवीस मिनिटं गाडी छान चालते. मग कोणीतरी मागून ओढल्यासारखे आचके देते. थांबवली तर इंजिन शांत चालतं. जोरात दाबली तर पळते. पण मी सावकाश, एका चालीने जात असले की मात्र..."

"हो, समजलं," देवराव म्हणाला. त्याने बोनेट उघडलं होतं. बाई आणखी काहीतरी सांगत होत्या, पण त्याचं डोकं आत गेलं होतं. थोडा वेळ थांबून बाईंनी चावी सीटवर ठेवली आणि रिक्षा करून त्या धंतोलीला निघून गेल्या.

सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत कडुलिंबाखाली देवरावचं गॅरेज होतं. वर टिनाचं छत, मध्ये एक खड्डा, आणि भिंतीला भिंत लागून नत्थूजींचं बॅटरी-वायरिंगचं दुकान. कामठीच्या छावणीत लष्कराच्या ट्रकांवर सहा वर्षं काम शिकून तो इथे आला, त्यालाही आता वीस वर्षं होत आली होती. बर्डीवर त्याच्या कानाचं नाव होतं. चालू इंजिनाच्या अंगाला लांब पेचकस टेकवायचा, त्याची मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटायचे. चहा थंड व्हायच्या आत तो सांगायचा, आत काय बिघडलंय. दुसऱ्या गॅरेजांतून कंटाळून लोक त्याच्याकडे यायचे. त्याच्याकडून कंटाळून कोणी दुसरीकडे गेल्याचं त्याला तरी ठाऊक नव्हतं.

आणि ही गाडी काही परकी नव्हती. एकोणसाठ सालची, पंधरा वर्षांची. बाईंच्या यजमानांनी घेतली तेव्हापासून देवरावच्याच हाताखाली होती. यजमान गेले, बाईंनी ड्रायव्हर ठेवला नाही, स्वतः चालवू लागल्या. धंतोलीतलं आपलं लहानसं प्रसूतिगृह सांभाळून दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्या कामठीला जात. तिथे विणकरांच्या वस्तीत एका खोलीचा दवाखाना होता. बायका सकाळपासून ओळीने बसलेल्या असत. आठ वर्षांत बाईंचा खाडा म्हणून पडला नव्हता.

इंजिनात ठिणगी वेळेवर पडली नाही की गाडी अडखळते. गॅरेजवाले त्याला मिसिंग म्हणतात. मिसिंगची कारणं देवरावला झोपेतही पाठ होती. पहिल्या खेपेला त्याने प्लग बदलले आणि डेलको उघडून आतले करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट घासले. डेलको म्हणजे चारही प्लगांना पाळीपाळीने करंट वाटणारा डबा. ठिणगीचा घोळ बहुधा त्यातच सापडतो. दुसऱ्या खेपेला पॉइंट नवे घातले, कंडेन्सर नवा घातला, नत्थूजींकडून कॉइल नवी आणली. तिसऱ्या खेपेला कार्बोरेटर सुटा करून रॉकेलमध्ये धुतला, पेट्रोलचा पंप खोलला, टॅपेट लावले. दर वेळी स्वतः गाडी घेऊन कामठीपर्यंत जाऊन आला. दर वेळी गाडी मख्खन. आणि दर वेळी आठवड्याच्या आत बाई दारात.

आज चौथ्यांदा त्याने सगळं पहिल्यापासून उघडायला घेतलं. एप्रिलचा महिना, दहा वाजताच टिनाखाली भट्टी पेटल्यासारखं झालं होतं. प्लग काढले, कोरडे, बदामी रंगाचे, जसे असायला हवे तसे. पॉइंट पाहिले, साफ. करंट पाहिला, निळी, जाड ठिणगी. त्याने पाना इतक्या जोरात डब्यात टाकला की नत्थूजी भिंतीपलीकडून उठून आले.

"काहून एवढा कावून राहिला गा?"

"कावू नाही तं काय करू? चार वेळा गाडी येऊन राहिली. प्लग नवे, पॉइंट नवे, कॉइल नवी. कॉइल तं तुम्हीच देल्ली."

"माही कॉइल चांगली आहे."

"मी कुठं म्हणतो खराब आहे? चांगली आहे म्हणून तं डोकं फिरून राहिलं. खराब असती तं सापडली नसती का?"

नत्थूजी देवरावपेक्षा दहा वर्षांनी मोठे. त्यांनी बॅटरीच्या तारा हलवून पाहिल्या, तपकीर ओढली आणि म्हणाले, "बाईले म्हण, विकून टाक आता. पंधरा वर्षं झाली."

"पंधरा वर्षांच्या गाडीले आजार नसते का? असते. पण तो दिसते."

दुपारी त्याने गाडी बांधली आणि रस्त्यावर काढली. लष्करी ट्रकांवर बसलेला त्याचा पाय जड होता. इंदोरा मागे पडल्यावर त्याने ॲक्सिलरेटर दाबला तो दाबलाच. समोरच्या ट्रकांना मागे टाकत, पुढे बैलगाडी आली की ब्रेक, रस्ता मोकळा झाला की पुन्हा जोर. पिली नदीचा पूल गेला, कामठीची छावणी आली. इंजिन एकदाही चुकलं नाही. परत येताना खिडकीतून गरम वारा थोबाडावर येत होता आणि तो मनातल्या मनात गाडीला म्हणत होता, चूक ना आता, एकदा तरी चूक. पण गाडी चुकली नाही. गॅरेजात आल्यावर त्याने पेचकस कानाला लावला, उभ्या जागी ॲक्सिलरेटरला झटके देऊन पाहिले. प्रत्येक झटक्याला इंजिन लगेच उसळायचं आणि पुन्हा शांत चालू लागायचं. त्याने बोनेट आपटून बंद केलं.

चार वाजता बाई आल्या. ट्रकवाला केशव आपल्या दोन ड्रायव्हरांसह बाकावर चहा पीत बसला होता. सकाळचा तो ट्रक त्याचाच.

"सापडलं का?" बाईंनी विचारलं.

"बाई, मी स्वतः कामठीपर्यंत जाऊन आलो. एकदाही नाही चुकली."

"पण मला दर खेपेला होतंय, देवराव. मी पस्तीसच्या काट्यावर जात असते, आणि..."

"तेच म्हणतो मी. टॉप गियरात टाकून बैलगाडीसारखी हाकलाल तं आचके देईनच." सकाळपासूनचा घाम, चिडचिड, सगळं एकदम त्याच्या जिभेवर आलं. "गाडीत काही नाही आहे. जे आहे ते तुमच्या पायात आहे."

बाकावर केशव हसला. फार नाही, चहाच्या कपात हसल्यासारखा. त्याचे ड्रायव्हरही हसले.

बाईंनी चावीसाठी हात पुढे केला.

"माझ्याकडे बायका येतात," त्या म्हणाल्या, "दुखतं म्हणतात. कधी कधी मी तपासते आणि मला काहीसुद्धा सापडत नाही. पण मी त्यांना असं सांगून घरी पाठवत नाही."

त्या गाडीत बसल्या. गाडी गल्लीतून हळूहळू, जराही न अडखळता निघून गेली. म्हणजे त्याचंच बोलणं खरं ठरलं होतं. तरी देवरावला त्याचं समाधान वाटेना.

घरी जेवताना त्याने रुख्मिणीला सगळं सांगितलं. सांगताना त्याने आपली बाजू नीट मांडली होती, तरी बायकोचा हात पोळी वाढता वाढता थांबला.

"तुम्ही तिले असं बोल्ले? चार माणसात?"

"मंग काय म्हणू? महिना झाला वं, रोज तीच गाडी. दुसरे गिऱ्हाईक खोळंबून राहिले."

"माह्या दोन्ही बाळंतपणात ती बाई माह्या उशाशी बसून होती," रुख्मिणी म्हणाली. तिने डाळ वाढली नाही. देवरावने कोरड्याच पोळीचे दोन घास घेतले आणि उठला.

नंतरचा शुक्रवार गेला. गाडी आली नाही. देवरावने स्वतःला सांगितलं, बघा, बरी झाली. पण गल्लीत अँबेसडरचा हॉर्न वाजला की त्याची मान वळत होती. मंगळवारी सकाळी नत्थूजी दुकानाचं कुलूप काढता काढता म्हणाले, "तुही डॉक्टरीणबाई दिसली गा. बसस्टँडवर. कामठीच्या गाडीले उभी होती उन्हात, बॅग घेऊन."

"मंग मी काय करू?"

"मी कुठं म्हटलं काही कर म्हणून?"

त्या दिवशी देवरावने एका फियाटच्या हेडचा बोल्ट इतका आवळला की तो हातात तुटून आला. तुटलेला तुकडा आतून काढता काढता संध्याकाळ झाली. इतक्या वर्षांत असा बोल्ट त्याच्या हातून तुटला नव्हता. घरी जातानाही त्याचं डोकं त्याच गाडीत होतं. बाईंचा पाय खराब म्हणावं, तर आठ वर्षं त्याच पायाने ती गाडी कशी चालली? हा प्रश्न त्याला आधीच पडायला हवा होता. आत्ता पडला म्हणून तो आणखीनच चिडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सायकलवर धंतोलीला गेला. बाईंच्या आवारात गाडी जुनी चादर पांघरून उभी होती. बाई बाहेर आल्या. त्याला बसायला सांगितलं नाही.

"गाडी विकायला काढली आहे," त्या म्हणाल्या. "भाच्याने गिऱ्हाईक पाहिलंय. रविवारी येणार आहेत बघायला."

"आणि कामठी?"

"बसने दोन खेपा केल्या. माझे गुडघे आता ऐकत नाहीत. मेअखेरपर्यंत कसंतरी जाईन. तिथल्या लोकांना कळवलंय, दुसरी डॉक्टर बघा म्हणून. मिळेल असं वाटत नाही."

देवराव टोपी काढून हातात फिरवत उभा राहिला. माफी मागायची असं ठरवून तो आला होता. रस्त्यात वाक्यंही जुळवली होती. त्यातलं एकही आता आठवेना.

"परवा शुक्रवार आहे," तो म्हणाला. "मी येतो तुमच्या संगं कामठीले. गाडी तुम्ही चालवा. मी नुसता बाजूले बसतो."

"कशाला? माझा पाय बघायला?"

त्याने खाली पाहिलं. "हो," तो म्हणाला. "पायच पाहाले."

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "सव्वाआठला निघते मी. उशीर केलात तर थांबणार नाही."

शुक्रवारी तो आठला हजर होता. पंधरा वर्षांत तो या गाडीच्या खाली, वर, आत सगळीकडे गेला होता, पण डाव्या सीटवर पहिल्यांदाच बसत होता. बाईंनी गाडी काढली. धंतोली, बर्डी, पुढे सदर, इंदोरा. बाई इतक्या सावकाश चालवत होत्या की देवरावचा उजवा पाय आपोआप खालच्या पत्र्यावर दाबला जाऊ लागला. सायकलवाले पुढे जात होते. मागचा ट्रक हॉर्न मारून मारून थकला. त्याला वाटलं, उतरावं आणि ढकलत न्यावी, लवकर पोचू.

"पहिल्यापासूनच अशी चालवता का?" त्याने शेवटी विचारलं.

"सावकाशच चालवत होते. गेल्या दिवाळीनंतर पेट्रोलचे भाव वाढले, तेव्हापासून आणखी सावकाश. तुम्हाला सांगितलं होतं मी हे."

सांगितलं असेल. त्याला आठवत नव्हतं.

इंदोरा मागे पडला. रस्ता मोकळा झाला. बाईंनी गाडी टॉपमध्ये टाकली, काटा पस्तीसवर नेला आणि तिथेच ठेवला. देवराव त्यांच्या पायाकडे पाहत होता. पातळाच्या काठाखाली चपलेतला पाय ॲक्सिलरेटरवर नुसता टेकला होता, आणि हलत नव्हता. असा पाय त्याने कुठल्याही ड्रायव्हरचा पाहिला नव्हता. त्याचा स्वतःचाही नव्हता. टॉप गियरात वीसच्या खाली गाडी रडते, हे त्याला ठाऊक होतं. ही पस्तीसवर होती, इंजिन मोकळं चाललं होतं. बैलगाडीचं ते बोलणं मुळातच चुकीचं होतं.

पिली नदीचा पूल आला आणि गेला. दोन मिनिटं काही झालं नाही. मग गाडी एकदा अडखळली. अगदी थोडी. पुन्हा सरळ झाली. मग लागोपाठ तीनदा, जणू कोणी मागून बंपर धरून ओढतंय.

बाईंनी पाय उचलायला घेतला.

"नाही, नाही. पाय तसाच राहू द्या, बाई. हलवू नका."

त्यांनी ठेवला. गाडी आचके देत चालली. देवराव पुढे वाकून ऐकत होता. एक सिलिंडर नव्हतं चुकत. चारही चुकत होती, एकदम, मध्येच विजेचा दिवा जाऊन परत यावा तशी.

"आता दाबा जरा."

बाईंनी दाबला. गाडी सरळ पळाली.

"आता सोडा. पुन्हा पस्तीसवर आणा."

पुन्हा आचके.

"हेच सांगून राहिल्या होत्या तुम्ही," देवराव म्हणाला.

"चार वेळा," बाई म्हणाल्या. त्यांची नजर रस्त्यावर होती.

त्याने गाडी एका बाभळीखाली उभी करायला लावली आणि इंजिन चालूच ठेवायला सांगितलं. बोनेट उघडून तो उभा राहिला. दाबला की बरी, सोडला की बरी. हलका, स्थिर पाय असला की खराब. मग हलक्या पायाला असं काय होतं, जे जड पायाला होत नाही? त्याचे डोळे प्लगवरून कॉइलवर, कॉइलवरून कार्बोरेटरवर फिरले आणि कार्बोरेटरपासून डेलकोकडे जाणाऱ्या बारीक नळीवर थांबले. व्हॅकमची नळी. हलका पाय एका चालीने ठेवला की इंजिन या नळीतून हवा ओढतं, त्या ओढीने डेलकोच्या आतली प्लेट जराशी फिरते आणि ठिणगी थोडी आधी पडते. पाय जड असला की ओढ नाही. उभ्या गाडीत नुसतं चालू ठेवलं तरी ओढ नाही. आणि गॅरेजात झटके देऊन पाहायची त्याला सवय होती. झटक्यात ती प्लेट कधी हलते न हलते.

त्याने कार्बोरेटरकडचं टोक उपसलं, नळी तोंडात धरली आणि ओढली. तोंडात तेलाची कडू चव आली. इंजिन अडखळलं, फटफटलं, बंद पडता पडता राहिलं. त्याने नळी सोडली. इंजिन शांत.

"काय करताय तुम्ही?" बाईंनी खिडकीतून विचारलं.

"ओढून राहिलो, बाई. अंजीन ओढते तसं."

पुन्हा ओढलं, पुन्हा अडखळलं. त्याने इंजिन बंद करायला सांगितलं आणि डेलकोचं झाकण काढलं. आत बाहेरच्या स्क्रूपासून प्लेटवरच्या पॉइंटपर्यंत एक तार जात होती, बोटाच्या दोन पेरांएवढी, कापडाने मढवलेली. दिसायला धडधाकट.

"बाई, बॅगमध्ये चिमटा असेल का? बारीक?"

"उकळून आणलेला आहे," त्या म्हणाल्या. तरी त्यांनी दिला.

देवरावने चिमट्याने तार धरून हळूच ताणली. ती रबरासारखी लांब झाली. आतलं तांबं केव्हाच तुटलं होतं. वरचं कापड तेवढं दोन टोकांना धरून होतं. प्लेट जागेवर असली की टोकं एकमेकांना टेकायची आणि करंट जायचा. इंजिन तापून कापड सैल झालं आणि प्लेट फिरली की टोकं सुटायची. मग ठिणगी नाही.

ही तार त्याने एका महिन्यात तीन वेळा स्वतःच्या हाताने सोडवली होती, आणि तीन वेळा स्क्रूखाली आवळून पुन्हा बसवली होती.

तो रस्त्याच्या कडेला मातीत बसला. दोष सापडला की त्याला नेहमी पोट भरल्यासारखं वाटायचं. आज तसं काही वाटलं नाही. हातातला चिमटा कुठेतरी फेकावासा वाटला, पण तो बाईंचा होता.

बाई उतरून आल्या. त्यांनी वाकून तार पाहिली. "एवढीशी?"

"एवढीशी."

त्यांनी घड्याळ पाहिलं. "माझ्या बायका येऊन बसल्या असतील. गाडी चालेल का?"

त्याने तार होती तशी जागेवर बसवली. नळी सुटीच ठेवली. तिचं कार्बोरेटरकडचं भोक काडेपेटीतल्या काडीने बुजवलं आणि वरून बाईंच्या बॅगेतली चिकटपट्टी गुंडाळली. आता प्लेट हलणार नव्हती, म्हणजे तार ताणली जाणार नव्हती. गाडी थोडी सुस्त चालेल, पेट्रोल जास्त खाईल, पण चालेल. आणि ती चालली. कामठीपर्यंत एकही आचका नाही, पस्तीसच्या काट्यावर.

एक वाजेपर्यंत तो दवाखान्याबाहेर मागांची खटखट ऐकत बसला. परत येताना त्याने धीर करून सुरुवात केली, "बाई, त्या दिवशी मी..."

"समोर बैलगाडी आहे," बाई म्हणाल्या. "जरा बोलू नका."

आणि बैलगाडी गेल्यावरही त्याला पुढचं बोलता आलं नाही.

दोष सापडला म्हणजे काम झालं, असं मात्र झालं नाही. ती तार सुटी कुठेच मिळेना. बर्डीवरच्या तिन्ही दुकानदारांनी सांगितलं, आतली पूर्ण प्लेट मुंबईहून मागवावी लागेल, महिना लागेल. रविवारी गिऱ्हाईक येणार होतं. नत्थूजींनी दिलेली तार जाड निघाली. ती प्लेटला फिरूच देईना. दुसरी बारीक होती, पण ताठ. देवरावने पन्नासेक वेळा प्लेट हाताने फिरवून पाहिली तर तार मुळाशीच मोडली. शनिवारची दुपार झाली. नत्थूजी आत जाऊन माळ्यावरून एक जळकी इस्त्री घेऊन आले, तिची सुताने विणलेली दोरी सुरीने कापली आणि त्याच्यासमोर टाकली.

"ही पाह्य गा. घरची बाई इस्त्री करते, दोरी दिवसभर इकडून तिकडे होते, पण मोडत नाही."

आत केसासारख्या तांब्याच्या तारा होत्या, शेकड्यांनी. देवरावने त्यातल्या लागतील तेवढ्या वेगळ्या काढल्या, पीळ दिला, दोन्ही टोकांना कथलाचा डाग दिला, वर बारीक रबराची नळी चढवली. बसवली. इंजिन तापवून अर्धा तास नळी तोंडाने ओढत राहिला. जबडा दुखायला लागला. इंजिन चुकलं नाही.

मग तो गाडी घेऊन कामठी रोडवर गेला आणि पस्तीसवर ठेवून पाहिली. महिन्याभरात हे सगळ्यात अवघड गेलं. त्याचा पाय स्थिर राहीना. काटा चाळीसवर जायचा, तिसावर यायचा. मागून येणारे शिव्या देऊन पुढे जात होते. पुलापुढे कुठे त्याला तो पाय साधला, आणि छावणीच्या फाट्यापर्यंत गाडी एका सुरात गेली.

बाईंना निरोप गेला. त्या आल्या तेव्हा केशव बाकावर होता; त्याच्या ट्रकचं काम या सगळ्यात मागेच पडलं होतं. देवरावने हात पुसले.

"बाई, त्या दिवशी मी यांच्यासमोर बोल्लो, म्हणून यांच्यासमोरच सांगतो. तुमचा पाय बरोबर होता. मीच ऐकलं नाही."

केशव कपात पाहत राहिला. बाईंनी चावी घेतली.

"हे मला पहिल्या खेपेला हवं होतं," त्या म्हणाल्या. "पण ठीक आहे. भाच्याला सांगते, त्या लोकांना उद्या बोलावू नकोस म्हणून." गाडीत बसता बसता त्या थांबल्या. "तो चिमटा मी तीन वेळा उकळला. तेलाचा वास अजून जात नाही."

गाडी विकली गेली नाही. कामठीच्या दवाखान्यालाही दुसरी डॉक्टर शोधावी लागली नाही. मात्र त्यानंतर बाईंनी देवरावला तोंडी काही सांगणं बंद केलं. गाडीची तक्रार असली की त्या ती औषधांच्या चिठ्ठीच्या कागदावर लिहून आणत, सुवाच्य अक्षरात, आणि त्याच्या हातात देऊन म्हणत, "मोठ्याने वाचा." नत्थूजी त्या वेळी मुद्दाम दुकानाबाहेर येऊन उभे राहत. देवरावला ते दर खेपेला लागायचं. एकदा तर तो रुख्मिणीला म्हणालाही, "शाळेच्या पोरासारखं वाचाले लावते मले." त्यावर ती म्हणाली, "वाचा मंग. त्यात काय झालं?"

पावसाळा संपला तेव्हा एक चिठ्ठी आली. गिऱ्हाइकांनी गॅरेज भरलं होतं. देवरावने कागद उजेडात धरला आणि वाचला, "मागच्या डाव्या चाकाकडून टकटक आवाज. फक्त उजवीकडे वळताना. गाडीत मी एकटी असले तरच." तो एवढ्यावर थांबला.

"शेवटची ओळ राहिली," बाई म्हणाल्या.

"'देवराव गाडीत बसले की हा आवाज येणार नाही, असं मला वाटतं,'" त्याने वाचलं.

मग त्याने कागदाची घडी खिशात घातली, नत्थूजींना ऐकू जाईल असं म्हणाला, "मी येतो गा जरा, बाईसंगं," आणि डाव्या बाजूचं दार उघडून आत बसायच्या ऐवजी मागची डिकी उघडली.

"तुम्ही चालवा एकट्याच," तो म्हणाला. "मी डिकीत बसतो. आवाज तिकडूनच येते ना?"

बाई हसल्या. या सगळ्या काळात देवरावने त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. पण तो खरंच डिकीत शिरत होता.